आधी मांडी, मग कंबर

मालकांचा मेसेज आला तेव्हा मी जीएसटीचं रिटर्न भरत बसलो होतो. जानेवारीत बाहेरगावची गिऱ्हाइकं येणार, सकाळी सोलापुरात होटगी रोडच्या हॉटेलात मीटिंग, दुपारनंतर मंगळवेढ्याच्या रस्त्याला एका शेतावर हुरडा. खाली एक ओळ: ‘सर्वांनी स्मार्ट कॅज्युअल.’ मी फोन करून विचारलं, म्हणजे नेमकं काय घालायचं? मालक म्हणाले, “सूट नको, जीन्स नको. मधलं काय तरी घाला की.”

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी स्मार्ट कॅज्युअलच्या व्याख्या वाचल्या. मालकांच्या व्याख्येपेक्षा चांगली एकही सापडली नाही.

अडचण एवढीच, की माझ्या कपाटात ‘मधलं’ काही नव्हतंच. डावीकडे ऑफिसच्या पँट्स, सगळ्या पॉलिएस्टर-व्हिस्कोसच्या, इस्त्रीची घडी धारदार आणि उन्हात कापडावर चकाकी. उजवीकडे दोन जीन्स, त्यातली एक सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेपुरती. आणि हे अशा माणसाचं कपाट, जो अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सतरा वर्षं हिशेब बघतोय. सोलापूरचे गणवेश कुठल्या कुठल्या राज्यांतली पोरं घालतात. रोज माझ्या टेबलासमोरून हाफ पँटचे गठ्ठे जातात. पण स्वतःची पँट घ्यायची वेळ आली की मी दुकानातल्या पोराला ‘चौतीस दाखव’ म्हणायचो, तेवढंच माझं ज्ञान.

तसंच केलं. रविवारी संध्याकाळी नवी पेठेत गेलो. दुकानातल्या पोरानं ‘चिनो’ काढले, म्हणजे कॉटनच्या साध्या कॅज्युअल पँट्स. स्लिम फिट, खाकीतला फिका रंग, लेबलवर 98 टक्के कॉटन आणि 2 टक्के इलास्टेन, म्हणजे ताणणारा धागा. ट्रायल रूममध्ये उभा राहिलो, पोट आत घेतलं, बाजूनं बघितलं. बरा दिसत होतो. उंची जास्त होती, ती दुकानातच दहा मिनिटांत फुकट कापून, दुमडून दिली. खूश होऊन घरी आलो.

जेवायला बसलो आणि कळलं. आमच्याकडे अजून खाली बसून जेवतात. मांडी घालताना गुडघ्यापाशी कापड असं ताणलं गेलं, की मांडी पूर्ण बसेना. बटण पोटात रुतलं. मागून पँटचा कमरेचा पट्टा खाली सरकला आणि पाठीला फरशीची गार हवा लागली. बायको भाकरी वाढता वाढता थांबली. “अहो, नीट बसा की.” मी म्हटलं, नीटच बसलोय. मग पुढची सगळी भाकरी एक पाय लांब करून खाल्ली, ताप आलेल्या माणसासारखी.

तरी हट्टानं दुसऱ्या दिवशी तीच घालून ऑफिसला गेलो. वर पांढरा शर्ट, कारण इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं, की खाकी चिनोवर पांढरा शर्ट कधी चुकत नाही. चुकतो. महाराष्ट्रात तरी चुकतो. पॅकिंगमधल्या मित्रानं दारातच गाठलं. “काय बे, झेडपीच्या शाळेत नाव घातलास का?” सगळं पॅकिंग हसलं. मीही हसलो, पण आत जाताना सँपलच्या रॅककडे नजर गेली. तिथं लटकलेली सहावीच्या मापाची हाफ पँट आणि माझी पँट, रंगात केसभर फरक नव्हता.

खाकी हा रंग मुळात आपल्याकडचाच. ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. 1840 च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीनं मातीत मिसळून जाणारे कपडे घालायला सुरुवात केली, तिथून तो जगभरच्या फौजांत गेला. चिनोचं कूळ त्याच्याच पुढचं. 1898 च्या युद्धानंतर फिलिपिन्समध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पँटचं कापड चीनहून यायचं, म्हणून नाव चिनो पडलं, असं सांगतात. अमेरिकेत सैनिक घरी परतल्यावर चिनो कॉलेजात आणि ऑफिसात शिरला, तिकडे खाकी म्हणजे सुट्टीचा आराम. आपल्याकडे मात्र खाकी म्हणजे पोलीस, एसटीचा कंडक्टर, पोस्टमन नाही तर शाळेची घंटा. तोच रंग, तेच कापड. तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा घेतला की असं हसं होतं.

खरं शिक्षण झालं ते दुपारी. आमच्या कटिंगचे मास्तर साठीच्या पुढचे. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, चिडले की दोन्ही. त्यांचे वडील जुन्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मी पगारपत्रकावर सही घ्यायला गेलो, तर मास्तर सहीकडे बघेनात, माझ्या खिशांकडे बघायला लागले.

“साहेब, हे खिसे कान पसरून बसलेत की ओ.”

खरंच, दोन्ही बाजूचे तिरके खिसे हत्तीच्या कानांसारखे उघडे पडले होते. मी हातानं दाबले, परत उघडले. मास्तर म्हणाले, “खिशाला काय झालं नाही. सीटमध्ये कापड कमी पडलंय, म्हणून ते खिशाकडून मागून घेतंय.” मग त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं आणि पँट वाचून दाखवली. खरोखर वाचून. चेनच्या खालून दोन्ही मांड्यांकडे मांजराच्या मिशांसारख्या आडव्या रेषा जातात, म्हणजे मांडीत आवळ. मागं सीटच्या खाली कापड गोळा होतं, म्हणजे मागची बैठक, पायांच्या जोडापासून पट्ट्यापर्यंतचा भाग, बरोबर कापलेली नाही. पट्टा पुढं बरोबर पण मागं बोटभर सुटलेला, म्हणजे कंबर सैल आणि सीट घट्ट, दोन्ही एकदम. पोटरीला कापड चिकटून वर अडकून राहतं, ते बसल्यावर खालीच येत नाही. “उभ्या माणसाची पँट आहे ही,” मास्तर म्हणाले. “पुतळ्याची.”

मग टेप काढली. लेबलवर 34, टेपवर कंबर भरली साडेपस्तीस. मला वाटलं टेप चुकली. मास्तर हसले. रेडिमेडमध्ये हे सर्रास चालतं म्हणे, गिऱ्हाइकाला चौतीस ऐकायला बरं वाटतं. आणि मी सतरा वर्षं याच आकड्यावर पँट घेत होतो.

सैल करून मिळेल का, असं विचारल्यावर त्यांनी पट्ट्याच्या मागची मधली शिवण उलटून दाखवली. आत जेमतेम अर्धा इंच कापड. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तरांचा आवाज चढला. “वाढत्या पोराच्या पँटला आम्ही खाली दोन इंच माया ठेवतो. दोनशे-अडीचशेचा माल आमचा! आणि ह्या दीड हजाराच्या पँटमध्ये माया नाही.” कंबर कमी करता येते, बॉटम, म्हणजे पायाचा खालचा घेर, कमी करता येतो, उंची तर कुणीही कमी करतं. पण मांडीत नसलेलं कापड कुठलाही शिंपी घालू शकत नाही. म्हणून रेडिमेड घेताना आधी मांडी बघायची, मग बैठक, कंबर सगळ्यात शेवटी. मी आयुष्यभर बरोबर उलटं केलं होतं.

उरलेलं काम धुण्यानं केलं. पहिल्याच पाण्यात पँट पाऊण इंच आटली. कॉटनची पँट आधी एकदा धुवायची आणि मगच उंची कापायची, हे मला त्या संध्याकाळी दोरीवर लटकलेल्या पँटकडे बघून समजलं. कापलेली पँट दुकान परत घेणार नव्हतंच, आणि चूक माझी होती. ती आता भाच्याकडे आहे. त्याच्या मांड्या अजून कॉलेजात आहेत.

मास्तरांनी घरचा अभ्यास दिला. ज्या पँटमध्ये बसता-उठता तिची आठवणसुद्धा येत नाही, ती शोधा आणि मोजा. मला एकच सापडली, मेहुण्याच्या लग्नात शिवलेली तपकिरी. कापड चकाकणारं, पण अंगाला अगदी मित्रासारखी. ती पलंगावर चादरीवर सपाट पसरली, सुरकुत्या हातानं काढल्या, टेप लावली. सपाट मोजायचं आणि दुप्पट करायचं. कंबर 36. दोन्ही पाय जिथं मिळतात त्याच्या एक इंच खाली मांडी, सपाट साडेबारा, म्हणजे घेर 25. पुढची बैठक, म्हणजे त्याच जोडापासून पट्ट्याच्या वरच्या काठापर्यंत, 11. बॉटम सपाट आठ, घेर 16. आतली उंची 29. हे पाच आकडे मोबाइलमध्ये टाकून ठेवले. स्लिम पँटचे आकडे आठवणीनं शेजारी लिहिले: मांडी 23, बैठक साडेनऊ, बॉटम 13. सगळा घोटाळा त्या दोन ओळींत होता. बैठक दीड इंचानं कमी, म्हणून पट्टा पोटाखाली, म्हणून बसलं की मागून सुटणार. त्यात माझा काही दोष नव्हता, हे वाचून फार बरं वाटलं.

दुसऱ्या रविवारी टेप खिशात घालून परत नवी पेठ. या वेळी तीन दुकानं. स्लिम, टेपर्ड, रेग्युलर, रिलॅक्स्ड ही नावं प्रत्येक ठिकाणी वेगळ्या मापाची असतात, हे टेपनं दाखवलं. एकाचं रेग्युलर दुसऱ्याच्या स्लिमएवढं होतं. म्हणून नाव विचारणं सोडलं, मांडी किती म्हणून विचारायला लागलो. पोरांना उत्तर येत नव्हतं, मीच काउंटरवर पँट पसरून मोजत होतो. कापडही बघितलं. ट्विलच्या बारीक तिरप्या रेघा दिसतात का, उजेडासमोर धरल्यावर पलीकडचा हात दिसतो का, मुठीत दहा सेकंद आवळून सोडल्यावर किती चुरगळतं. खिशाच्या आत हात घालून अस्तर चोळलं. बाहेर कितीही भारी असो, खिशाचं अस्तर पातळ असेल तर वर्षभरात किल्ल्या त्यातून मांडीवर उतरतात. लिनन एकदा हातात घेतलं. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा लिननसारखं सुख नाही, पण मोटारसायकलवरून एमआयडीसी गाठेपर्यंत मांडीवर चुरगळलेल्या कागदासारख्या घड्या पडणार. कॉटन-लिनन मिश्रण उन्हाळ्यासाठी मनात नोंदवून ठेवलं. इलास्टेन 2 टक्के असलं तर बसायला सोपं, त्याच्यापुढं गेलं की कापड अंगाला चिकटतं आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्याला पोक येतं.

ट्रायल रूममधून बाहेर आलो आणि दुकानाच्या मधोमध सतरंजीवर मांडी घालून बसलो. पोरगं घाबरलं. “सर, बरं वाटत नाही का? पाणी आणू?” मी म्हटलं, मांडी घालून बघतोय. पाच मोजले, उठलो, उकिडवा बसलो, पायरीवर पाय ठेवून बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं. गल्ल्यावरचे काका चष्म्यावरून बघत होते. सातवी पँट पास झाली. नेव्ही ब्लू, स्ट्रेट, मांडी 25 ला अर्धा इंच जास्त, बैठक 11. कंबर एक इंच सैल, ती मागच्या शिवणीतून आत घेता येते. बिल करताना काका म्हणाले, “आमच्या वेळी सगळे असंच बसून बघायचे.”

रंगाचा निकालही त्या दिवशी लागला. पहिल्या दोन पँट्समध्ये नेव्ही आणि ऑलिव्ह. नेव्हीवर घाम दिसत नाही, धूळ मात्र दिसते, आणि आमच्याकडे धुळीला तोटा नाही. ऑलिव्हवर दोन्ही दिसत नाहीत. फिका करडा रंग देखणा असतो, पण जिथं घाम येतो तिथं तो काळा पडतो, आणि कुठं घाम आलाय ते सगळ्या मीटिंगला कळतं. ऑफ व्हाइटचा विषयच काढू नका. सोलापुरात ऑफ व्हाइट शोभतं ते यात्रेतल्या बाराबंदी अंगरख्याला, तिथं सोबत सिद्धेश्वर असतो.

ऑलिव्ह मात्र मापात मिळेना, म्हणून शिवायची ठरवली. चाटी गल्लीत अठ्ठावन्न इंच पन्ह्याचं कॉटन ट्विल घेतलं, 1.30 मीटर. दुकानदार सव्वा मीटर पुरे म्हणत होता, मास्तरांनी बजावलं होतं की मायेला कापड पाहिजे. रात्रभर बादलीत भिजवलं, सावलीत वाळवलं, आटायचं ते शिवायच्या आधीच आटू दिलं. साखर पेठेतल्या शिंप्यानं माप घेताना विचारलं, पुढं प्लीट घालू का? मी घाबरून नाही म्हणालो. माझ्या डोक्यात 1990 च्या दशकातल्या फुगलेल्या बॅगी पँट्स होत्या, चार-चार चुण्यांच्या. शिंप्यानं शांतपणे कापडाला बोटानं एक चुणी घातली, माझ्या मांडीवर धरली आणि म्हणाला, बसा. बसलो तशी चुणी उघडली, उभा राहिलो तशी मिटली. बिजागरी. एकच प्लीट, खिशाकडे तोंड असलेली. उभं असताना पँट सडपातळ दिसते, बसल्यावर इंचभर कापड हवं तिथं सुटतं. पट्ट्याला बेल्टचे लूप, मागं एकच खिसा, बॉटम 15. मागच्या शिवणीत सव्वा इंच माया. ते बघून मास्तरांनी मान डोलावली.

उंचीवरून मात्र आमच्यात भांडण झालं. शिंप्याला टाचेपर्यंत पाहिजे होती, कापड बुटावर पडून मोडलं पाहिजे म्हणे. ते फॉर्मलला ठीक. अशा पँटला बुटाच्या वरच्या काठाला जेमतेम टेकेल एवढीच उंची चांगली दिसते, फार तर एक हलकी मोड. आणि उंची चपलेवर ठरते. मी मापाला बूट घालून गेलो होतो. नंतर कोल्हापुरी घालून बघितली तर तीच पँट अर्धा इंच लांब वाटली. शेवटी दोन्हीच्या मधे थांबलो आणि बॉटमला दीड इंचाची माया आत दुमडून ठेवली.

बाकी जुळवाजुळव घरी आरशासमोर झाली, परीक्षक बायको. ऑफिसचा काळा चकचकीत बेल्ट घातला तर म्हणाली, खालून वेगळा माणूस, वरून वेगळा. त्याच्या जागी साधा तपकिरी, मोठ्या बकलाशिवाय. काळे टोकदार बूट बाद, तपकिरी लोफर पास. पांढरे स्नीकर्स लेकीनं सुचवले, नेव्हीवर ते छान दिसले हे मला मान्य करावं लागलं. शर्ट म्हणजे आकाशी चेक्स किंवा फिका निळा ऑक्सफर्ड, कॉलरला बटणं असलेला. शर्ट बाहेर सोडायचा असेल तर चेनच्या मध्यापर्यंत यावा. माझे सगळे ऑफिसचे शर्ट आत खोचायच्या मापाचे, बाहेर सोडले की कुर्त्यासारखे. दोन शर्ट शिंप्याकडून कापून घेतले, स्वस्तात काम झालं. रंगाचा नियम एकच ठेवला: वर आणि खाली दोन्ही गडद नको, दोन्ही फिके नकोत, आणि खाकीवर पांढरा या जन्मी नको.

शेवटचा अडथळा कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. या पँटला मधली क्रीज घालायची नसते, नुसती सपाट इस्त्री. त्याला ते पटेचना. “क्रीज नाही तर इस्त्री कशाला मग?” मी समजावलं, कॉटन आहे, कॅज्युअल आहे. तो म्हणाला, “मग जीन्सच घाला की.” पुन्हा मालकांची व्याख्या. शेवटी पावतीवर लिहून दिलं: ‘क्रीज नको’. खाली दोन रेघा ओढल्या.

सकाळच्या मीटिंगला नेव्ही घातली, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि तेच पाहिजे होतं. दुपारी घरी येऊन ऑलिव्ह चढवली. शेतावर ज्वारीच्या ताटांच्या मधे जागा करून आगटी पेटवली होती, भोवती सोलापुरी चादरी टाकलेल्या. गोवऱ्यांचा धूर, गरम कणसं हातावर चोळून काढलेला हुरडा, शेंगाचटणी, दही. सगळे बसले. पाहुण्यांतले एक गृहस्थ बराच वेळ पत्रावळ घेऊन उभेच होते. चाळिशीचे, फिकी करडी पँट, पोटरीपर्यंत आवळलेली. बसा की साहेब, म्हटल्यावर त्यांनी एक पाय पुढं केला, मग दुसरा, मग दोन्ही एका बाजूला घेऊन नवरीसारखे टेकले. माझ्या शेजारी मास्तर धोतर आवरून बसले होते. त्यांनी त्या गृहस्थांच्या खिशांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गुडघे जमिनीला लावून, पाठ सैल सोडून बसलो होतो. प्लीट उघडली होती. मास्तर काही बोलले नाहीत, माझ्या पत्रावळीवर एक मूठ हुरडा जास्त टाकला.

तेवढ्यात चटणीचं तेल मांडीवर पडलं. ऑलिव्हवर दिसलं नाही, पण वास आठवडाभर राहिला. दोनदा धुतल्यावर गेला. काल पँट इस्त्रीवरून आली. पावती टाचणीनं पट्ट्याला लावलेली, ‘क्रीज नको’ स्पष्ट वाचता येतंय, आणि दोन्ही पायांवर मधोमध अशी धारदार क्रीज, की तिनं कांदा कापावा.